चेरीचं देवक: भरगच्च फुलोरा आणि रिकाम्या फांद्या



पानात घालतात ती लाल गोळी आणि स्वस्तातल्या केकवर बसवतात ती 'चेरी', यातली बरीचशी चेरी नसतेच. ते आपलं करवंद असतं. अर्धकच्च्या करवंदाच्या बिया काढायच्या, साखरेच्या पाकात मुरवायचं, लाल रंग द्यायचा. डोंगरातल्या जाळीतलं फळ शहरात जाऊन चेरी होतं.

खरी चेरी आपल्या हवेत होत नाही. तिला हिवाळ्यात ७ अंशांच्या खालची थंडी जातीप्रमाणे आठशे ते हजारभर तास लागते, तेव्हा कुठं कळी जागी होते. आपल्याकडं निफाडला एखाद्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, पण दुपारी ऊन तापतंच. एवढे तास भरत नाहीत.

मग चेरीवर लिहायचं कशाला? कारण या झाडाच्या इतिहासात फळबाग लावणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी एक गोष्ट आहे. झाडं निरोगी, फुलोरा भरगच्च आणि फळ मात्र नाही. आणि हे कशामुळं, तर बाजारात चालतात तेवढ्याच जाती लावल्या म्हणून.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. चेरी ही गुलाबाच्या कुळातली. बदाम, जर्दाळू, आलुबुखार, पीच ही तिची भावंडं. पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि फूल उमलल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत फळ तयार होतं. फळ झाडावरच पिकावं लागतं. आंब्यासारखी आढी घालून चेरी पिकत नाही. देठासकट तोडायची आणि लगेच गारव्यात न्यायची. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की फळं तडकतात. म्हणजे द्राक्षवाल्याला जी धास्ती, तीच चेरीवाल्याला.

चेरीचे मुख्य प्रकार दोन, गोड आणि आंबट. आंबट चेरीच्या बऱ्याचशा जाती स्वतःच्याच परागावर फळ धरतात. आपली आजची गोष्ट आहे ती गोड चेरीची.

जुन्या रोमचा लेखक प्लिनी सांगतो, की लुकुलस नावाच्या सेनापतीनं काळ्या समुद्राकडची लढाई मारली आणि तिकडून चेरी इटलीत आणली. काळ इसवी सनापूर्वी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा. रानटी चेरी युरोपात त्याच्याही फार आधीपासून होती, तिचे दगडी युगातले बाठे सापडले आहेत. त्यामुळं लुकुलसनं आणली असेल ती बागेतली चांगली जात, एवढंच धरायचं. तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठी गिरेसून नावाचं शहर आहे. त्याचं जुनं नाव केरासूस. चेरीच्या युरोपातल्या नावांचा याच शब्दाशी संबंध लावतात. आजही तुर्कस्तानात चेरी मोठ्या प्रमाणात पिकते.

जुन्या काळी चेरीला फळ का धरत नाही, हा प्रश्न फारसा पडला नसावा. परसात, बांधावर, बागेत चार तऱ्हेची झाडं असायची. कुठलं बी लावून आलेलं, कुठलं कलम केलेलं. मधमाशी याच्यावरून त्याच्यावर जायची आणि काम होऊन जायचं.

खरी गडबड सुरू झाली अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. १८४७ साली हेंडरसन लुएलिंग नावाचा रोपवाटिकावाला आयोवातून बैलगाडीनं निघाला. गाडीत मोठ्या पेट्या, पेट्यांत माती आणि कोळसा, त्यात सुमारे ७०० कलमं. सफरचंद, नाशपाती, आलुबुखार, चेरी. तीन हजार किलोमीटरच्या वर वाट, मध्ये वाळवंट आणि डोंगर. सोबतचे म्हणत होते हे ओझं टाकून दे, बैल मरतील. हा गडी रोज पाणी घालत राहिला. ओरेगॉनातल्या मिलवॉकी गावी पोचला तेव्हा निम्मी कलमं जिवंत होती. त्या मुलखातल्या फळबागांचा पाया तिथं पडला. रोपवाटिकेचा धंदा करणाऱ्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

मागून १८५० मध्ये त्याचा भाऊ सेथ आला. हे भाऊ गुलामगिरीच्या विरोधातले. गुलामी मोडू पाहणाऱ्यांना विरोधक 'ब्लॅक रिपब्लिकन' म्हणून हिणवायचे. सेथनं तीच शिवी उचलली आणि आपल्या नव्या काळ्या चेरीचं नाव ठेवलं ब्लॅक रिपब्लिकन. ही जात लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. नेपोलियन नावाची पिवळट-लाल जुनी युरोपी जातही त्यांच्याकडं होती. तिचं लेबल हरवलं, म्हणून तिकडं तिला रॉयल ॲन हे नवीनच नाव पडलं. लेबल हरवून जातीचं नाव बदलणं हे आपल्याच रोपवाटिकांत घडतं असं समजू नका.

१८७५ च्या सुमारास सेथच्या बागेत एक नवीन रोप निघालं. फळ मोठं, टणक, गडद लाल. बागेत आह बिंग नावाचा चिनी मुकादम होता, उंच धिप्पाड माणूस, बरीच वर्षं तिथं काम केलेला. घरच्यांनी पुढं सांगून ठेवलंय, की कोणी तरी या जातीला सेथचं नाव द्यायला सुचवलं, तर तो म्हणाला की झाड बिंगच्या ओळीतलं आहे, नाव बिंगचंच राहील. पुढं बिंग ही अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली चेरी झाली.

पण त्या माणसाचं काय झालं बघा. १८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. १८८८ साली कायदा आणखी आवळला आणि मायदेशी गेलेल्या चिनी मजुराला परत येण्याची वाट बंद झाली. आह बिंग १८८९ च्या आसपास घरच्यांना भेटायला चीनला गेला तो परत आला नाही. त्याचं नाव मात्र दर उन्हाळ्यात लाखो पेट्यांवर छापलं जातं. ज्यानं झाडं जपली, त्याला त्या झाडांखाली पुन्हा उभं राहता आलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. बाजारात तीन जातींची चलती झाली. बिंग, मिलवॉकीचीच लॅम्बर्ट, आणि डबाबंद करायला रॉयल ॲन. रेल्वेनं लांब माल जायला लागला. बारीक फळाच्या आणि मऊ जातींना व्यापारी विचारेना. शेतकऱ्यांनी हिशेब केला, जी विकत नाही ती कशाला ठेवायची? नव्या बागा लागल्या त्या या तीनच जातींच्या. झाडं जोमात आली, वसंतात पांढरीशुभ्र झाली, पण फळ धरेना. कोणी थंडीला दोष दिला, कोणी जमिनीला, कोणी धुक्याला.

ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात व्ही. आर. गार्डनर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी या जातींचा पराग हातानं एकमेकींवर लावून बघितला आणि १९१३ साली निष्कर्ष छापले. तपासलेल्या गोड जातींपैकी एकही स्वतःच्या परागावर फळ धरत नव्हती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बिंग, लॅम्बर्ट आणि रॉयल ॲन या तिघी एकमेकींच्या परागावरही फळ धरत नव्हत्या. म्हणजे शेतकऱ्याला वाटत होतं बागेत तीन जाती आहेत, पण झाडाच्या लेखी ती एकच जात होती.

हे कसं, तर आपल्याकडच्या देवकाच्या रिवाजासारखं धरा. एका देवकात सोयरीक होत नाही. नावं वेगळी, गावं वेगळी, पण देवक एक निघालं की बोलणी तिथंच थांबतात. चेरीच्या प्रत्येक झाडात अशी दोन देवकं असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'एस' आणि पुढं आकडा अशी खूण देतात. परागकणात त्यातलं एकच जातं. कण दुसऱ्या फुलाच्या टोकावर पडला, त्याची नळी खाली बीजाकडं वाढायला लागली, की फूल तपासतं. परागाचं देवक आपल्या दोनांपैकी एकाशी जुळलं, तर वाटेतच नळीची वाढ थांबते. वेगळं असलं तर रस्ता मोकळा. बिंग, लॅम्बर्ट, रॉयल ॲन या तिघींची देवकं एकच, तीन आणि चार. मग फळ धरणार कुठून?

आणि तोड काय निघाली? ज्या जाती बाजारानं टाकून दिल्या होत्या त्याच. ब्लॅक रिपब्लिकन आणि ब्लॅक टार्टेरियन यांचा पराग या तिघींना चालला. मग रीत पडली, की दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड परागासाठी वेगळ्या जातीचं लावायचं. नऊ झाडांत एक. म्हणजे कुठलंही मुख्य झाड परागाच्या झाडाच्या शेजारी येतं. ज्यांच्या बागा आधीच लागल्या होत्या, त्यांना काही झाडांवर दुसऱ्या जातीचं कलम बांधून घेता येत होतं. वर मधमाशीच्या पेट्या हव्यातच, कारण चेरीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर जात नाही.

नंतर इंग्लंडमध्ये जॉन इन्स संस्थेत मॉर्ले क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातीच्या जाती तपासून गट पाडले. कोणाची सोयरीक कोणाशी जमते याच्या याद्याच झाल्या. पुढं तिथंच क्ष-किरण वापरून परागातली ही अडवणूक मोडता येते का, याचे प्रयोग झाले आणि स्वतःच्या परागावर फळ धरणारी रोपं मिळाली. त्यातलं एक रोप कॅनडात समरलँडच्या संशोधन केंद्रात वापरलं गेलं. कार्लिस लापिन्स यांनी लॅम्बर्टशी त्याचा संकर केला आणि १९६८ साली स्टेला जात बाहेर आली, स्वतःच्या परागावर चालणारी पहिली व्यापारी गोड चेरी. स्टेलाच्या पुढच्या पिढीतल्या एका जातीला लापिन्स यांचंच नाव आहे. आज चिली देश चिनी नववर्षाच्या तोंडावर जहाजं भरभरून चेरी चीनला पाठवतो, त्यात लापिन्स मोठ्या प्रमाणात असते. अशा जातीलाही मधमाशी लागतेच, हे विसरू नये. देवकाची अट गेली तरी पराग नेऊन टाकणारं कोणी तरी हवंच.

आपल्या देशात चेरी मुख्यतः काश्मीरची. तिकडं तिला गिलास म्हणतात. मिश्री, डबल, मखमली, अव्वल नंबर अशी जातींची नावं आहेत. मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या बाजारात छोट्या खोक्यांतून दिसते ती बहुतेक हीच.

आता हे सगळं आपल्याला काय कामाचं? द्राक्ष आणि डाळिंब यांनी आपल्याला एक सवय लावली आहे. अख्खा गट एकाच जातीचा लावला तरी सेटिंग होतं. त्यामुळं नवीन फळ घेतानाही आपण विचारतो, सगळ्यात जास्त दर कुठल्या जातीला? आणि तीच एक जात एकर-दोन एकर लावून टाकतो. सगळी झाडं तशी नसतात. आंब्यात दशहरी, लंगडा, चौसा या जाती स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. ड्रॅगन फ्रूटच्या काही लाल गराच्या जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. कमी थंडीचं सफरचंद आता आपल्याकडंही काही जण लावताहेत, त्यात ॲना जातीला जोडीला डॉर्सेट गोल्डन लावायची शिफारस असते. हिमाचलात डेलिशस सफरचंदाच्या मागं लागून परागाची झाडं कमी पडली. तेव्हा तिथले बागायतदार फुलोऱ्यात मधमाशीच्या पेट्या भाड्यानं आणू लागले आणि परागाच्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या पिशव्यांत घालून झाडांना टांगू लागले.

म्हणून कुठल्याही नवीन फळाची रोपं घेण्याआधी रोपवाटिकेत चार गोष्टी विचारून घ्या.

१. ही जात स्वतःच्या परागावर फळ धरते का?
२. नसेल तर जोडीला नेमकी कुठली जात लागते? 'कुठलीही चालेल' हे उत्तर घेऊ नका. बिंगला लॅम्बर्ट चालली नाही.
३. दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी येतो का? आठ-दहा दिवसांचा फरक पडला तर जोडी असून नसल्यासारखी.
४. पराग कोण नेतं? माशी नेत असेल तर फुलोऱ्यात फवारणी काय आणि कधी करायची, हे आधीच ठरवा.

उत्तर देता येत नसेल तर रोपं तिथंच ठेवून या. कलम चुकीचं निघालं तर दोन वर्षांत कळतं. परागाची जोडी चुकली तर पाच-सहा वर्षं खत-पाणी करून, बाग फुलल्यावर कळतं.

आणि बागेत एखादं झाड दराला चालत नाही म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी, शेजारच्या झाडांचं फळ कोणाच्या परागावर धरतंय तेवढं एकदा बघून घ्या.

राम राम.