निळे किती, तांबडे किती?

२४ फेब्रुवारी १९८७च्या पहाटे चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत इयन शेल्टनने घेतलेल्या छायाचित्रात, मोठ्या मॅगेलनी मेघात एक आगंतुक ठिपका उमटला. बाहेर येऊन पाहिले, तर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. १६०४ नंतरचा हा सर्वांत ठळक अतिनवतारा. फुटलेला तारा निकोलस सँड्युलिकच्या यादीत आधीपासूनच नोंदलेला होता. वस्तुमान सूर्याच्या सुमारे वीसपट, आणि रंग निळा! प्रचलित गणिताप्रमाणे तो मरताना तांबडा असायला हवा होता.

निळ्या-तांबड्याचा हा घोळ तसा जुनाच. तारा लाखो वर्षे जगतो, खगोलशास्त्रज्ञ जेमतेम काही दशके पाहतो. म्हणून जत्रेच्या एकाच फोटोतली पोरे आणि म्हातारी मोजून आयुष्याचा हिशेब मांडावा, तशी ही विद्या चालते. ज्या अवस्थेत तारा जास्त काळ रमतो, त्या अवस्थेतले तारे जास्त दिसणार. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेतल्या निळ्या आणि तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे गुणोत्तर म्हणजे गणिताची थेट परीक्षा.

गणित तिथे सपशेल नापास झाले. ताऱ्यांत धातू जास्त (हेलियमहून जड ते सगळे धातू, ऑक्सिजनसुद्धा, खगोलशास्त्रज्ञांची ही जुनी खोड) तिथे तांबड्यांच्या तुलनेत निळे वाढलेले दिसतात. १९९५ मध्ये नॉर्बर्ट लांगर आणि आंद्रे मेडर यांनी स्पष्टच लिहिले, की प्रचलित गणितांपैकी एकही सगळीकडे जुळत नाही. ताऱ्याच्या पोटातले द्रव्य किती ढवळले जाते, या गृहीतकावर बरेच काही फिरते.

पण दर वेळी चूक गणिताचीच असते असे नाही. आकाशगंगेतले तांबडे महाराक्षस गणिताने सांगितलेल्या मर्यादेपेक्षाही थंड भरत. २००५ मध्ये एमिली लेव्हेस्क, फिलिप मॅसी आणि सहकाऱ्यांनी अशा ७४ ताऱ्यांचे वर्णपट टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून नव्या प्रारूपांशी ताडून पाहिले. तारे जुन्या समजापेक्षा बरेच उष्ण निघाले आणि निमूट गणिताच्या रेषेवर येऊन बसले. खोट मोजणीत होती.

२०१२ मध्ये ह्युग्ज साना यांच्या गटाने तिसरीच बाजू उघड केली. सत्तर टक्क्यांहून अधिक वजनदार ताऱ्यांची जोडीदाराशी द्रव्याची देवघेव होते आणि अशा जोड्यांपैकी साधारण एक तृतीयांश एकमेकांत विलीन होतात. गणिते मात्र बहुतेक एकट्या ताऱ्याची होती. सँड्युलिकचा तो निळा ताराही अशाच विलीनीकरणातून घडला असावा, असे आता अनेकजण मानतात.