वाट चुकलेल्या पेशींचे परतणे

कर्करोग हा शब्द उच्चारताना आजही आपल्या घराघरांतून आवाज खाली येतो. देहात शत्रू शिरला आहे; त्याला कापून, जाळून वा विष घालून मारणे एवढाच उपाय, अशी आपली समजूत असते. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. तिचे अपुरेपण दाखवून देणारी एक हकीकत शांघाय शहरात घडली. ती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटते.

प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकाने १८५८ साली ग्रंथरूपाने मांडला. म्हणजे कर्करोगाची पेशी परकी नसते; ती आपल्याच पेशींचे अपत्य असते. कोवळ्या पेशी वाढत जातात व कुणी रक्ताची, कुणी त्वचेची, कुणी आतड्याची होते. एकदा पत्करलेले काम पेशी कधी सोडत नाही, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले. परंतु १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून नवी पिले वाढविली. २००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशींना अवघ्या चार जनुकांच्या साहाय्याने बाल्यावस्थेत परत नेले. २०१२ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी लवचिक असते, हे सिद्ध झाले.

हीच लवचिकता कर्करोगाच्या हाती शस्त्र होते. कधी प्रौढ पेशी मागे फिरून पोरकट होते. कधी कोवळी पेशी वयातच येत नाही. कधी एका जातीची पेशी दुसरीचे रूप घेते. शेजारणींना घट्ट चिकटून राहणारी पेशी ते बंध सोडून भटकी होऊ शकते, हे एलिझाबेथ हे व गॅरी ग्रीनबर्ग यांनी १९८२ साली प्रयोगशाळेत दाखविले. गाठीतील पेशी याच युक्तीने दूरच्या अवयवांत पोहोचू शकतात, आणि रूप पालटून औषधालाही चकवतात.

परंतु जी बदलू शकते, तिला परत वळविताही येईल काय? हा प्रश्न शांघायच्या रुईजिन रुग्णालयातील डॉ. वांग झेन्यी यांनी मनावर घेतला. हे रुग्णालय १९०७ साली फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांनी सेंट मेरीच्या नावाने उभारलेले, आणि डॉ. वांग १९४८ साली जेझुइटांच्या ऑरोरा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेले. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात कोवळ्या पांढऱ्या पेशी अडखळून बसतात, प्रौढ होतच नाहीत, आणि रोगी रक्तस्रावाने झपाट्याने दगावतो. धाक व दंड यांपेक्षा सद्वर्तनाचे वळण श्रेष्ठ, ही कन्फ्यूशियसची शिकवण डॉ. वांग यांच्या मनात होती. पेशींना मारण्याऐवजी सुधारावे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी त्यांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल निवडले.

१९८६ साली पाच वर्षांच्या एका मुलीला हे औषध दिले गेले, आणि ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील २३ जणांचा रोग केवळ या औषधाने हटला. एकाला जोडीला दुसरे औषध द्यावे लागले. अडखळलेल्या पेशी प्रौढ झाल्या आणि आपले आयुष्य संपवून स्वाभाविकपणे मेल्या. पुढे अनेकांचा रोग उलटला, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा प्रथम इतर औषधांची आणि नंतर सोमलाची जोड मिळाली. एके काळी अत्यंत घातक असलेल्या या रोगातून आज बहुतेक रुग्ण बरे होतात.

यावरून कुणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊ लागेल, तर तो अनर्थ होईल. हे औषध निराळे आहे, आणि ते या एका रोगातील विशिष्ट बिघाडावर नेमके लागू पडते. इतर बहुतेक कर्करोगांत शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हाच आजही आधार आहे. तरीही २०२२ साली डग्लस हॅनाहन यांनी पेशींच्या या लवचिकतेला कर्करोगाच्या प्रमुख लक्षणांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला, आणि संशोधनाची ही वाट आता रुंदावत आहे.

आपल्या घरातील आजाऱ्याजवळ बसताना आवाज खाली आणण्याचे कारण थोडे तरी कमी झाले आहे, एवढे आम्ही निश्चित म्हणू. त्या रोगात ज्यांना मारणे हाच उपाय मानला जात होता, त्या पेशी वळविता येतात, हे एका लहान मुलीच्या जगण्याने दाखवून दिले आहे.