बार्शीकडील मळे आणि खताची परंपरा

बालाघाटाच्या डोंगररांगांलगत, पूर्वीच्या निजामी मुलुखाच्या हद्दीवर वसलेल्या बार्शी तालुक्याच्या शेतीचा विचार करताना महसुली दफ्तरातील जिरायत आणि बागायत हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. कारण खताचा सारा इतिहास त्या भेदाभोवतीच घडलेला आहे. काळ्या रानातला शाळू जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसला जाई व त्याच्या वाट्याला खत क्वचितच येई. परंतु मोटेच्या पाण्यावरची वांगी, मिरची, कांदा आणि मेथी त्याच वाफ्यांतून वर्षातून दोन-दोनदा काढावयाची असल्यामुळे, विहीर भरलेली असूनही खतावाचून मळा ओस पडतो, हे मळेकऱ्यांस पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते.

या खताचे मूळ ठाणे म्हणजे उकिरडा. गोठ्यातले शेण, बैलांनी टाकलेली वैरण, चुलीतली राख आणि घरचा केर वर्षभर कुजून वैशाखात गाड्यांनी रानात जाई. अर्धकच्चे खत टाकले तर हुमणी लागते, म्हणून ते पुरते मुरू देण्याचा दंडक असे. धान्याच्या मोबदल्यात धनगरांचा कळप रात्री शेतात बसवीत, जेणेकरून लेंडी आणि मूत्र दोन्ही जागच्या जागी जमिनीत जिरत. ओसाड गावठाणांची पांढरी मातीही खत म्हणून नेली जाई आणि तीपायी महाराष्ट्रातील प्राचीन वस्त्यांची कितीतरी टेकाडे खणली गेली. सोनखताचे सामर्थ्य पुणे व नाशिक येथील नगरपालिकांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. मात्र मैला वाहण्याचे काम जातीच्या सक्तीने ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्यावरील अन्यायाचा उच्चार केल्यावाचून या खताचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्याचे जे प्रयोग केले, त्यांचे मोल या अन्यायाच्या संदर्भातच कळते.

ही व्यवस्था जनावरांवर उभी होती. म्हणून 1876 ते 1878 च्या दुष्काळाने सोलापूरकडील गुरे नेली, तेव्हा रयतेच्या बैलांबरोबर जमिनीचा कसही गेला. सरकारने 1889 मध्ये हिंदुस्थानात पाठविलेले रसायनज्ञ जॉन व्होएल्कर यांनी 1893 च्या अहवालात दाखवून दिले की, सरपणाच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या होतात आणि तेलबिया व हाडे परदेशी जातात, त्यांसह भूमीचे सत्त्वही निघून जाते. चारच वर्षांनी, 1897 मध्ये, बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. धान्य, कापूस आणि तेलबियांच्या व्यापाराने पेठ भरभराटीस आली. परंतु गावातल्या घाण्यावर बी गाळले असता पेंड गुरांच्या दावणीतून उकिरड्यावर परत येई. तेच बी पोत्यांत भरून दूर गेले की शेताचा तो वाटा कायमचा बुडे.

याच तुटीवर उपाय होळकरांच्या इंदुरात शोधला गेला. तेथील शेतीसंशोधन संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल राखून व वेळोवेळी उलथून, सुमारे 3 महिन्यांत खत सिद्ध करण्याची पद्धत बसविली. 1931 च्या ग्रंथात तिचे विवेचन करताना यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक होते. शेणाची वाण असली तरी तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि पालापाचोळा यांच्यात ते विरजणासारखे वापरून खताचा साठा कितीतरी वाढविता येतो, हे या पद्धतीचे खरे मर्म होय.

पुढे रासायनिक खतांच्या गोण्या आल्या आणि पिकास नत्र मिळू लागले. तथापि मातीची घडण, तिची ओल धरण्याची शक्ती आणि तीतले सूक्ष्म जीवन सेंद्रिय अंशावाचून टिकत नाही, आणि अवर्षणप्रवण बार्शीस तर ओल धरणारी मातीच तारणारी आहे. म्हणून बाजारात रोज साठणारा भाजीचा पाला व घरोघरचा ओला कचरा, यंत्रांच्या साहाय्याने आणि कोणाच्याही माथी जातीचे ओझे न ठेवता, खत होऊन मळ्यांकडे परत गेला पाहिजे. जी पेठ शेतांच्या उत्पन्नावर वाढली, तिचे हे देणे आहे. आणि ते फेडण्याची विद्या आपल्याजवळ फार पूर्वीपासून आहे.