मान्यताप्राप्त गुंतवणूकदार
मान्यताप्राप्त गुंतवणूकदार ही भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) २०२१ साली निश्चित केलेली गुंतवणूकदारांची एक वर्गवारी आहे. मोठी जोखीम समजून घेण्याची व सोसण्याची आर्थिक क्षमता असलेल्यांना हा दर्जा मिळतो.

निकष
व्यक्तीने पुढीलपैकी एक निकष पूर्ण करावा लागतो:
- वार्षिक उत्पन्न किमान २ कोटी रुपये;
- निव्वळ संपत्ती किमान ७.५ कोटी रुपये, पैकी किमान ३.७५ कोटी वित्तीय मालमत्तेत;
- उत्पन्न किमान १ कोटी व निव्वळ संपत्ती किमान ५ कोटी रुपये, पैकी किमान २.५ कोटी वित्तीय मालमत्तेत.

त्यामुळे रत्नागिरीतील एखाद्याची हापूसची बाग व घर कितीही मोलाचे असले, तरी केवळ त्यांच्या आधारे संपत्तीचा निकष पूर्ण होत नाही.

स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक
इमारत स्वतः विकत न घेता स्थावर मालमत्तेत पैसा गुंतवण्याचा एक मार्ग म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधी. त्यात सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. मान्यताप्राप्त गुंतवणूकदारास ही अट नाही. मात्र सवलतींबरोबर नियमांचे काही संरक्षणही कमी होते.

शेअर बाजारात नोंदणीकृत स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे (रीट) एक युनिटही खरेदी करता येते. त्यासाठी हा दर्जा लागत नाही. भारतातील पहिला रीट २०१९ मध्ये बाजारात आला.