खाजनाचा बांध

पौष महिन्याच्या अमावास्येला दुर्भाट, भोम परिसरातील शेतकरी खाजनातील ओल्या चिखलाची मगर घडवितात आणि तिची पूजा करतात. या प्रथेला 'मांगे थापणी' म्हणतात. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या खाऱ्या पाण्यात मगरींची वस्ती आजही आहे. ज्या प्राण्याचे भय, त्याच्याच मूर्तीपुढे हात जोडावयाचे, याचे बाहेरच्या माणसास नवल वाटते. बांधावर ज्यांचा जन्म गेला त्यांना ते वाटत नाही.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर आहे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून ती शेतीखाली आणली गेली. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने गावकारीच्या रूढी लेखी नोंदविल्या, तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. बांधाच्या पोटात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की झडप मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून नदीत उतरते. याहून साधी आणि हुशार योजना आम्ही सबंध नोकरीत पाहिली नाही! मात्र फळ्या कुजतात, खेकडे बांध पोखरतात, आणि लक्ष हटले की एका उधाणात भगदाड पडते.

पावसाने खार धुऊन नेला की कोरगूट भात पेरावयाचे. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी धरावयाची. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडी. मानशीजवळच्या पोंयीत पाणमांजरे मासे धरीत, कडेला बगळे आणि खंड्या टपून बसत. चोडण बेटावर १९८८ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून हे प्राणी शेतकऱ्याचे शेजारी होते.

बांधाची काळजी गावकारी वाही, आणि फुटल्याची हाक येताच कसणाऱ्यांना धावावे लागे. गावकारीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकू नये : उत्पन्नाचा वाटा गावकारांच्या पुरुष वंशजांस मिळे, आणि कमरेइतक्या चिखलात उतरणारे हात बहुधा दुसऱ्यांचे असत. म्हणून १९६४ चा कूळ कायदा आम्हांस न्याय्य वाटतो. परंतु जमीन कसणाऱ्याकडे येत असता बांध कोणाचा, हा प्रश्न मागे राहिला. १९७५ च्या नियमांनी कुळांचे संघ स्थापून ती जबाबदारी त्यांच्याकडे दिली. काही संघांनी ती निष्ठेने पाळली. इतरत्र मात्र मानशीतील मासेमारीची पावणी हेच मुख्य काम होऊन बसले. पावणी घेणारा कोळंबीसाठी भरतीलाही दार उघडे ठेवी; आत शिरलेल्या पाण्याने शेत खारे होई आणि बांधाचा पाया सुटे.

सेवेत असताना एका गावच्या फुटीची फाईल आमच्या टेबलावर आली होती. पहिल्या अर्जात भगदाड दोन हातांचे होते. पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असे करता करता पावसाळा उलटला. दुसऱ्या पाहणीस आम्ही गेलो तेव्हा त्यातून होडी जात होती. अंदाजपत्रक अर्थातच नव्याने करावे लागले. आमच्यासोबत आलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, त्याच दिवशी वीस माणसे आणि पेंढा असता तर पुरे होते." आम्ही मान हलविली आणि नियमाप्रमाणे शेरा लिहिला. तो शेरा चुकीचा नव्हता, हेच आजही सलते.

निवृत्तीनंतर आम्ही तेथे पुन्हा गेलो. शेत राहिले नव्हते. खारफुटी माणसाहून उंच वाढली होती, आणि ती तोडण्यास आता कायद्याची मनाई आहे. बगळे पुष्कळ होते. चिखलात पाणमांजराची ताजी पावलेही उमटलेली दिसली. पलीकडे मानशीची दगडी चौकट उभी होती. तिच्यात झडप नव्हती, आणि भरतीचे पाणी सावकाश आत येत होते.