यूरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज जनुक

डीएनएमधील सायटोसीन या क्षारकाचे पाण्याच्या अभिक्रियेने आपोआप यूरॅसिल बनते आणि ते वेळीच काढले न गेल्यास पुढील प्रतिकृतीत चुकीची जोडी जुळून उत्परिवर्तन घडते. हे यूरॅसिल डीएनएतील शर्करेपासून तोडणारे विकर, म्हणजे यूरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज, टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये जीवाणूत शोधले. त्याच्या मानवी जनुकाचा सुमारे १३.८ हजार क्षारक-जोड्यांचा क्रम आणि बाराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील त्याचे स्थान नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. या जनुकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे : दोन प्रवर्तकांमुळे, म्हणजे प्रतिलेखन सुरू करणाऱ्या भागांमुळे, एकाच जनुकापासून केंद्रकात आणि तंतुकणिकेत काम करणारी दोन वेगळी रूपे तयार होतात. हे विकर प्रतिपिंडांचा प्रकार बदलण्याच्या क्रियेतही लागते; त्यामुळे जनुक सदोष असल्यास ती क्रिया बिघडून रुग्णास वारंवार जंतुसंसर्ग होतो.