कृष्णेच्या गाळाचा हिशेब

अठराव्या शतकात रास्त्यांनी वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. त्या वेळी गवंड्यांनी देवळाची मागची भिंत सरळ घेतली नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती करून ती पुराच्या वाटेकडे वळवली. लोंढा तिच्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंतीवर आदळलेले पाणी खाली वळते आणि पायाजवळची माती उकरत बसते. हे त्या कारागिरांना गणिताशिवाय ठाऊक होते. आज पुलाचा खांब उभारताना त्याच्या बुडाशी किती खोल खड्डा पडेल याचा अंदाज संगणकावर काढतात. प्रश्न मात्र रास्त्यांच्या गवंड्यांचाच आहे.

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कृष्णा तिथून निघते आणि वाईला येईपर्यंत समुद्रसपाटीपासून सातशे मीटर उंचीच्या आसपास उतरते. सांगलीची उंची साडेपाचशेच्या घरात आहे. म्हणजे सगळी घाई पहिल्या काही मैलांत आटोपते आणि कराडच्या खाली नदी संथ होऊन वळणे घेऊ लागते. पाण्याचा वेग मंदावला की त्यातला गाळ खाली बसतो. सातारच्या डोंगराने सोडलेली माती सांगलीने झेलायची, असा हा जुना व्यवहार आहे.

या मातीला काठावरचे शेतकरी पोयटा म्हणतात आणि ती साचून तयार झालेल्या रानाला मळी. मळीला खताची फारशी गरज नसायची, दर पुराला नवा थर मिळे. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती याच रानांतून आली. हाच पोयटा वीटभट्ट्यांनाही लागतो. त्यामुळे नदीने आणून टाकलेली माती पुढे भिंतींत जाऊन बसते. मळी वळणाच्या आतल्या काठाला वाढते आणि समोरचा बाहेरचा काठ ढासळतो, हेही काठावरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. एकाचे रान वाढते, पलीकडच्याचे बांधासकट नदीत जाते.

असे का होते, याचे सोपे उत्तर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये एका छोट्या निबंधात चहाच्या कपावरून दिले. चहा ढवळला की पत्तीचा चोथा कडेला न जाता मधोमध गोळा होतो. कारण तळाशी घर्षणाने वेग कमी होतो आणि तिथले पाणी आत ओढले जाते. नदीच्या वळणावरही तळाचे पाणी वाळू-माती घेऊन आतल्या काठाकडे सरकते. पुढे त्यांच्या मुलाने, हान्स आल्बर्टने, तळाशी घसरत जाणाऱ्या गाळाचे गणित मांडण्यात हयात घालवली. त्याचे १९५० चे सूत्र अभियंते आजही शिकतात.

आपल्याकडे गाळाच्या गणिताची गरज कालव्यांनी निर्माण केली. कराडजवळ खोडशीला १८६० च्या दशकात कृष्णेवर दगडी बंधारा घालून कृष्णा कालवा काढला गेला. कालव्यात पाण्याबरोबर गाळही शिरतो. वेग कमी ठेवला तर कालवा भरतो, जास्त ठेवला तर काठ खातो. हा मधला वेग केनेडी या अभियंत्याने पंजाबातले कालवे मोजून १८९५ मध्ये सूत्रात बसवला आणि लेसी या दुसऱ्या अभियंत्याने १९३० मध्ये ते काम पुढे नेले. दोघांची सूत्रे उत्तरेच्या वाळूमातीची होती. दख्खनच्या चिकट काळ्या मातीला ती जशीच्या तशी लागू पडणे अवघड होते.

मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने १९१६ मध्ये पुण्यात पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी एक छोटे केंद्र काढले. तेच आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. क्लॉड इंग्लिस या आयरिश अभियंत्याने तिथे मोकळ्या मैदानात नद्यांच्या लहान प्रतिकृती उभ्या केल्या आणि त्यांत पाणी सोडून गाळ कुठे बसतो ते पाहिले. सिंधूवरच्या सक्कर बंधाऱ्याच्या उजव्या काठच्या कालव्यांत वाळू शिरत होती. त्यावरचा उपाय इथल्याच प्रतिकृतीतून निघाला आणि तो तळाची वाळू आतल्या काठाकडे जाते या वळणाच्या तत्त्वावर उभा होता.

प्रतिकृतीत एक अडचण हमखास येते. नदी शंभरपट लहान करता येते, वाळूचा कण करता येत नाही. शंभरपट लहान केला की तो चिखल होतो आणि एकमेकांना चिकटतो. म्हणून उभे माप आणि आडवे माप वेगळे ठेवायचे, वाळूऐवजी कोळशाचा हलका चुरा वापरायचा, असे तोडगे निघाले. संगणकाने ही कसरत बरीच कमी केली, पण तळाचे आणि काठाचे मोजमाप मागण्याची सवय त्यालाही आहेच.

धरणांनी गाळाचा हिशेबच बदलला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, त्यामुळे पूर आणि गाळ दोन्ही पुढे जातात. ही साधी युक्ती मोठ्या धरणांपेक्षा गाळाच्या बाबतीत शहाणी आहे. धोम, कण्हेर, कोयना, चांदोली या मोठ्या धरणांच्या मागे मात्र पाणी थांबले की माती तळाला बसते. कोयनेच्या १०५ टीएमसीच्या शिवसागर जलाशयातले बरेचसे निवळलेले पाणी वीज तयार करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. माती मागेच राहते. तिकडे पूर्वेला, आंध्रात, कृष्णेचा त्रिभुज प्रदेश खोऱ्यातल्या साऱ्या धरणांमुळे गाळाला मुकला आहे आणि त्याचा किनारा जागोजागी झिजतो आहे.

सांगलीत मात्र लोक नेमकी उलटी, पात्रात गाळ साचून पूर चढतो अशी, तक्रार करतात. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत वाचतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेले, २०१९ मध्ये ५७ ओलांडून शहरात शिरले, २०२१ मध्ये पुन्हा आले. दोषाचे बोट दर वेळी खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे जाते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. तरीही काठावरचा वाद मिटला नाही. धरणाच्या फुगवट्याने प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, पात्र उथळ होते, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा एका वर्षाच्या पाण्याचा नाही. त्यांना अनेक वर्षांच्या तळाचा हिशेब हवा आहे, आणि तो पाण्याच्या पातळीवरून निघत नाही.

कराड, वारुंजी, अर्जुनवाड, कुरुंदवाड इथे केंद्रीय जल आयोग नदी मोजतो. पण दोन केंद्रांच्या मधल्या पात्रात वाळूच्या बोटी तळ उपसतात, वीटभट्ट्यांसाठी काठ कापले जातात, कुठे भराव पडतो. संगणकातल्या प्रतिकृतीला आकडा हवा तो आजच्या तळाचा. पुराआधी घेतलेले पात्राचे आडवे छेद पुरानंतर जुने होतात, आणि उपसा झालेल्या ठिकाणी तर पूर यायचीही वाट पाहावी लागत नाही.